खांद्याला सोसेल असं काडतूस

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांत अख्ख्या राज्याचा नूर पालटतो. पेट्रोल पंपावर, खानावळीत, किराणा दुकानाच्या रांगेत भडक नारिंगी जाकिटं दिसू लागतात. असा नारिंगी किंवा, २०१६ पासून, भडक गुलाबी रंग अंगावर घातल्याशिवाय शिकाऱ्यानं रानात पाऊल टाकायचं नाही, असा कायदाच आहे. कारखान्यांतले लोक महिनोन्‌महिने आधी रजा टाकून ठेवतात. आजोबा, मुलगा आणि नात एकाच मोटारीतून पहाटे चारला निघतात. आणि त्याच्या आधीचे दोन महिने बंदुकीच्या दुकानांतल्या काउंटरवर एकच वाद रंगलेला असतो: हरणासाठी काडतूस कोणतं?

हे वाचताना मराठी वाचक अडखळेल, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार बंद होत गेलं, आणि ते योग्यच झालं. आपल्या रानांत चितळ-सांबरांवर जगणारे वाघ, बिबटे, रानकुत्रे अजून टिकून आहेत. विस्कॉन्सिनच्या दक्षिणेकडच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात मोठं हरीण मारणारं जनावर जवळपास उरलेलंच नाही. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण काही लाखांवर आलं होतं. आज ते तीन कोटींच्या घरात आहे. हे घडवण्यात शिकाऱ्यांच्या खिशातल्या पैशाचा मोठा वाटा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. आता हरणं इतकी झाली आहेत की शेतं, बागा आणि जंगलातली कोवळी रोपं त्यांच्यापुढं टिकत नाहीत, रात्रीच्या रस्त्यांवर मोटारी त्यांच्यावर आदळतात. दरवर्षी काही हरणं मारायची, हे तिथल्या समाजानं ठरवून टाकलेलं आहे. मी स्वतः हरणावर कधी गोळी झाडलेली नाही आणि झाडणारही नाही. पण जे मरणारच आहे ते जनावर पोटात गोळी घेऊन रात्रभर झुडपात तडफडू नये, ही कळकळ मला आहे. काडतुसाचा सगळा प्रश्न मला तिथूनच महत्त्वाचा वाटतो.

या विषयाशी माझी गाठ घालून दिली ती मूळच्या साताऱ्याकडच्या एका गृहस्थांनी. विस्कॉन्सिनमध्ये ते बरीच वर्षं यंत्रांच्या कारखान्यात अभियंता आहेत. घराभोवती थोडी जमीन आहे, तिथं लावलेली सफरचंदाची रोपं हरणं दरसाल सोलून टाकतात. शेजाऱ्यांच्या नादानं त्यांनी शिकारीच्या प्रशिक्षणाचा वर्ग केला. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तिथं त्याशिवाय परवाना मिळत नाही. "ताई, हिचा पहिल्यापासून विरोध. पण घरात कोंबडी-मटण चालतं, मग हे का नको, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मारायचं तर नीट मारा, अर्धमेलं करून सोडू नका," त्यांनी सांगितलं. शेजाऱ्यानं मोठ्या मनानं आपली .३०-०६ रायफल सरावाला दिली होती. त्या रायफलनं त्यांचा उजवा खांदा निळा पडला आणि निशाणावरच्या गोळ्या ताटाएवढ्या पसाऱ्यात विखुरल्या.

.३०-०६ म्हणजे अमेरिकेच्या घराघरातलं काडतूस. १९०६ सालचं, लष्करासाठी बनलेलं, दोन महायुद्धं पाहिलेलं. त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नाही. पण आठ पौंड वजनाच्या रायफलमधून त्याची १८० ग्रेन वजनाची गोळी सुटते तेव्हा खांद्यावर सुमारे २० फूट-पौंड ऊर्जा येऊन आदळते. .३०० विंचेस्टर मॅग्नम झाडलं तर हाच आकडा २६-२७ वर जातो. त्याच वजनाच्या रायफलमधून .२४३ विंचेस्टर झाडलं तर दणका असतो आठ-नऊ फूट-पौंडांचा. ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ रेमिंग्टन ही दोन काडतुसं बारा-तेराच्या आसपास बसतात. नेहमीचा सराव नसलेल्या बहुतेक माणसांची सोसण्याची हद्द पंधराच्या आगेमागे संपते, असं जुनेजाणते नेमबाज सांगतात, आणि माझ्या पाहण्यातही तेच आलं.

दणका येतो कुठून, ते शाळेतल्या न्यूटननं सांगितलेलंच आहे. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या जोरानं पुढं जातो तितक्याच जोरानं रायफल मागं येते. गोळीचं वजन, तिचा वेग आणि काडतुसाच्या पुंगळीतल्या दारूचं माप वाढलं की दणका वाढतो. रायफल जड असली की कमी होतो. म्हणून दुकानात हातात घेऊन "वा, किती हलकी!" म्हणावंसं वाटणारी सहा पौंडी रायफल फसवी असते. तेच .२४३ तिच्यातून झाडलं की आठाचे अकरा होतात. दिवसभर डोंगर तुडवायचा नसेल, मचाणावर बसून वाट पाहायची असेल, तर पौंड-दीड पौंड जास्तीचं वजन आनंदानं वाहावं.

पण इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावरच हा सगळा विषय उभा आहे. काडतुसाची टोपी पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत साधारण एक-दीड सहस्रांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागं सरकते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर. म्हणजे खांद्याला दणका जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. झाडलेल्या गोळीचा नेम तिचा स्वतःचा दणका बिघडवत नाही. नेम बिघडतो तो येणाऱ्या दणक्याच्या भीतीनं. आधीच्या दहा बारांची आठवण शरीरात साठलेली असते, आणि चाप ओढायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढं रेटला जातो, मनगट ताठ होतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. एका शनिवारी गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर त्या गृहस्थांच्या प्रशिक्षकानं ती केली. वय सत्तरीपलीकडचं, बोलणं मोजकं. त्यांनी पाठमोरं होऊन रायफलमध्ये काडतुसं भरली. त्यांत काही खरी, काही दारू नसलेली नकली. भरण्याचा क्रम फक्त त्यांना ठाऊक. गृहस्थ बाकावर बसले, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. पहिला बार निघाला. दुसऱ्याला नुसतीच 'टक्' झाली. आवाज नाही, धूर नाही, दणका नाही; आणि तरीही रायफलची नळी चांगली दोन बोटं खाली गेली, खांदा पुढं सरकला, ओठ आवळले गेले. मागं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते लख्ख दिसलं. त्यांचं त्यांना मात्र ते पटेना. तिसरं नकली काडतूस आलं तेव्हा प्रशिक्षकांनी त्यांच्या टोपीच्या झापेवर एक नाणं ठेवलं होतं. ते खाली पडलं.

मग प्रशिक्षकांनी ती रायफल बाजूला ठेवली आणि स्वतःच्या पेटीतून .२४३ काढली. कानात बोळे, त्यावर आणखी कर्णकवच, असं दुहेरी संरक्षण चढवायला लावलं. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या पुढं जातो. १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि दचकण्यात आवाजाचा वाटा दणक्याइतकाच असतो. सुरुवातीला सगळी काडतुसं नकली. चाप ओढायचा, नळी हलते का पाहायचं, पुन्हा ओढायचा. खूप वेळानं मधूनच एक खरं. दुपारपर्यंत गोळ्यांचा पसारा तळहाताएवढा झाला. हरणाच्या छातीतला, काळीज आणि फुप्फुसं असलेला भाग साधारण आठ ते दहा इंच व्यासाचा असतो. आता शंभर यार्डांवर गोळ्या त्याच्या आत बसत होत्या.

काडतूस निवडायच्या वेळी "मोठं काडतूस चुका पोटात घालतं" हे वाक्य काउंटरवर हमखास ऐकू येतं. मला ते साफ नामंजूर आहे. पोटात लागलेली .३०० मॅग्नमची गोळी ही पोटात लागलेली गोळीच असते. हरीण उठतं, चालतं, मैल-दीड मैल जातं आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मरतं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेली .२४३ ची गोळी त्याच हरणाला काही सेकंदांत खाली आणते; साधारण ते पन्नास-साठ यार्ड धावतं आणि कोसळतं. जनावर मरतं ते रक्तस्राव होऊन मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळं. खांद्याला किती लागलं याचा आणि त्याचा काही संबंध नाही. मोठ्या काडतुसामुळं मिळतं ते लांबचं अंतर, आणि एल्कसारखं मोठं, जाड हाडांचं जनावर मारण्याची कुवत. दीडशे-दोनशे पौंडांच्या हरणाला शंभर-दीडशे यार्डांवरून मारायला ते लागत नाही.

हे ज्ञान नवं नाही. १८९० च्या दशकात युरोपात बिनधुराची दारू स्थिरावली तेव्हाच दोन काडतुसं जन्मली आणि आजही ती या विषयातली मापं आहेत. एक स्वीडन-नॉर्वेचं ६.५×५५, १८९४ सालचं; दुसरं जर्मन माउझरचं ७×५७. दोन्ही लष्करी, दोन्हींची गोळी लांब आणि सडपातळ, दोन्हींचा दणका बेताचा. लांब-सडपातळ गोळी जनावराच्या अंगात खोल जाते, कारण तिच्या वजनाच्या मानानं तिचं तोंड लहान असतं. स्वीडनमध्ये शतकाहून अधिक काळ लोक ६.५×५५ नं मूस मारत आले आहेत, आणि मूस म्हणजे घोड्याहून उंच जनावर. तिथला एक नियम मला फार आवडतो: अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीला जाताना, जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत तिथं पोचेल अशी सोय आधी केलेली असावी लागते. काडतुसाच्या ताकदीवर विसंबण्यापेक्षा हा शहाणपणा किती मोठा!

७×५७ ची तर आपल्याशी जुनी ओळख आहे. इंग्रजांनी त्याचं .२७५ रिग्बी असं बारसं केलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेटला जी रायफल भेट दिली ती हीच. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या कॉर्बेटनं आंब्याच्या झाडावर बसून मारला, तोही याच काडतुसानं. आफ्रिकेत हत्ती मारणाऱ्या बेल नावाच्या स्कॉट शिकाऱ्यानं आपले बहुतेक हत्ती याच छोट्या काडतुसानं पाडले; त्या कत्तलीचं कौतुक मला नाही, पण त्यानं मेलेल्या हत्तींच्या कवट्या चिरून मेंदू नेमका कुठं असतो याचा अभ्यास केला होता, हे सांगायला हवं. अमेरिकेत 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे बंदूक-संपादक जॅक ओकॉनर .२७० विंचेस्टरचे भक्त म्हणून गाजले. त्यांच्या पत्नी एलिनॉर मात्र बहुतेक वेळा ७×५७ वापरत आणि उत्तम नेमबाज म्हणून ओळखल्या जात. हलक्या काडतुसाला "बायकांचं" म्हणून हिणवणारे अजूनही भेटतात. एलिनॉरबाईंच्या नेमापुढं त्यांतले किती टिकले असते कोण जाणे.

आता .२४३ ची गोष्ट, कारण नवख्याला सगळ्यात आधी हेच काडतूस सुचवलं जातं. विंचेस्टर कंपनीनं ते १९५५ मध्ये आणलं. तीन वर्षं आधी निघालेल्या .३०८ ची पुंगळी घेऊन तिचा गळा ६ मिलिमीटरवर आवळला, की झालं. त्याच वर्षी रेमिंग्टननंही त्याच व्यासाचं .२४४ बाजारात आणलं. त्याची पुंगळी मूळची ७×५७ ची, दारू थोडी जास्त मावणारी, वेगही थोडा जास्त. कागदावर रेमिंग्टनचं काडतूस सरस होतं. पण त्यांनी नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे सैल ठेवले: बारा इंचांत एक फेरा. पंचाहत्तर-नव्वद ग्रेनच्या हलक्या गोळीला तेवढी फिरकी पुरते, लांब शंभर ग्रेनी गोळीला पुरत नाही. ती हवेत डुलू लागते. विंचेस्टरनं दहा इंचांत एक फेरा दिला होता, त्यांची शंभर ग्रेनी गोळी सरळ जात होती. गिऱ्हाइकांना एकाच रायफलनं उन्हाळ्यात शेतातले उपद्रवी प्राणी आणि नोव्हेंबरात हरीण मारायचं होतं. त्यांनी .२४३ उचललं. रेमिंग्टननं १९६३ मध्ये आटे नऊ इंचांवर घट्ट केले, नाव बदलून ६ मिमी रेमिंग्टन ठेवलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता. काउंटरवर काडतुसाच्या नावावरून तासन्‌तास भांडणाऱ्यांना मला नेहमी सांगावंसं वाटतं, की अहो, आधी नळीतले आटे विचारा.

.२४३ बद्दल तक्रार करणारेही भेटतात, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. "हरीण जखमी होऊन गेलं, सापडलंच नाही." अशा वेळी मी विचारत गेले की गोळी कोणती होती, आणि पुष्कळदा उत्तर आलं पंचावन्न-साठ ग्रेनची, म्हणजे कोल्ह्या-खारींसाठी बनवलेली. ती आदळताक्षणी फुटून विखुरते. फऱ्याच्या हाडावर लागली तर वरवरची मोठी जखम करते आणि आत पोचतच नाही. हलक्या काडतुसात गोळीची बांधणी हाच जिवाचा प्रश्न असतो. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलानं माखलेल्या मूसवर आपल्या गोळ्या वरच्या वर फुटताना पाहून जॉन नॉस्लर यांनी मधोमध आडवी भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अभंग राहून आत घुसत जातो. 'पार्टिशन' नावानं ती आजही विकली जाते. अशी शंभर ग्रेनी गोळी .२४३ मधून निघाली तर दोनशे यार्डांवरही तिच्यात सुमारे १,३०० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असते. हरणासाठी हजार पुरेत, असा पूर्वापार ठोकताळा आहे. कोलोरॅडोनं तर तो नियमातच घातला आहे: किमान .२४ व्यासाची, हरणासाठी किमान सत्तर ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड. विस्कॉन्सिनचा नियम बराच सैल आहे, .२२ व्यासापासून पुढं चालतं. म्हणून तिथं .२२३ नं हरीण मारणारेही आहेत. दणका तीन-चार फूट-पौंडांचा, लहान मुलंही हसत झाडतात. अनुभवी माणसाच्या हातात योग्य गोळी असेल तर त्यानं काम होतं, हे मी मान्य करते. तरी नवख्याच्या हाती ते देऊ नये असं माझं ठाम मत आहे. हरीण किंचित तिरकं उभं राहिलं, गोळी फऱ्याच्या हाडावर गेली, की तिथं चुकीला जागाच उरत नाही.

इंडियाना, ओहायो, मिशिगनचा दक्षिण भाग इथला पेच वेगळा आहे. सपाट प्रदेश, दाट वस्ती. रायफलची गोळी फार लांब जाते म्हणून तिथं वर्षानुवर्षं शॉटगनमधून एकच जाड शिशाचा गोळा झाडायचा रिवाज होता. बारा-बोअरचा तो दणका .३०-०६ पेक्षाही वाईट. त्यात मुलं आणि म्हातारे होरपळत. पुढं या राज्यांनी गळा न आवळलेल्या, सरळ पुंगळीच्या रायफल-काडतुसांना परवानगी दिली. विंचेस्टरनं २०१९ मध्ये त्यासाठीच .३५० लेजंड काढलं. दीडशे ग्रेनची गोळी, बेताचा वेग, दीड-दोनशे यार्डांची पोच आणि खांद्याला .२४३ एवढाच धक्का. काडतुसांच्या जगात इतकं लोकोपयोगी काम अलीकडं क्वचितच झालं असेल.

आमच्या साताऱ्याच्या गृहस्थांनी .२४३ वर समाधान का मानलं नाही, असं कुणी विचारेल. त्यांच्या जमिनीला लागून एक लांबट कुरण आहे, तिथं हरीण दिसलं तर अंतर दोनशेच्या पुढं जातं. खांदा आधीच आखडलेला, पण माणूस चिकाटीचा. त्यांच्यापुढं दोन नावं उरली: ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८. पहिलं हॉर्नाडी कंपनीनं २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या निशाणबाजीसाठी काढलं. त्याची गोळी लांब, वाऱ्याला दाद न देणारी, आणि त्याची काडतुसं आज खेड्यातल्या दुकानातही मिळतात. दुसरं १९८० चं, .३०८ चीच पुंगळी ७ मिलिमीटरवर आवळलेली. एकशेवीस आणि एकशेचाळीस ग्रेनच्या उत्तम गोळ्या, आणि जुन्या ७×५७ चंच काम छोट्या रायफलमध्ये. दणक्यात दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही. हरणाला तर मुळीच कळणार नाही. मी त्या दिवशी दुकानात होते. विक्रेत्यानं चांगला प्रश्न विचारला: "कोणत्या रायफलचा दस्ता तुमच्या हाताला बसतोय?" गृहस्थांची चण लहान. एका रायफलचा दस्ता लांब पडत होता, मान ताणावी लागे आणि टोक खांद्याच्या खोबणीऐवजी दंडाच्या हाडावर येई. अशा दस्त्यातून हलकं काडतूसही ठणका देतं. दुसरी आखूड दस्त्याची, मागं जाड रबरी गादीची, आणि ती ७ मिमी-०८ मध्ये होती. त्यांनी ती घेतली.

नळीच्या तोंडाला भोकांचा ब्रेक बसवण्याचा सल्लाही त्यांना मिळाला. त्यानं दणका खरोखर कमी होतो, पण वायू बाजूला फेकला गेल्यानं आवाज भयंकर वाढतो, आणि रानात शेजारी बसलेल्या नातवाचे कान त्याची किंमत मोजतात. माझ्या मते दणका सोसत नसेल तर लहान काडतूस घ्यावं. मोठं घेऊन त्याला ब्रेक लावू नये. ज्यांच्याकडं वडिलोपार्जित .३०-०६ किंवा .३०८ आहे आणि नवी रायफल परवडत नाही, त्यांच्यासाठी कमी दारू आणि हलकी गोळी भरलेली तयार काडतुसं मिळतात. दणका चांगलाच कमी होतो, अंतर दीडशे-दोनशे यार्डांवर राखायचं, एवढंच पथ्य.

काउंटरवर आणखी काही मंडळी भेटतात, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो: पासष्ट-सत्तरीचे शिकारी, ज्यांनी आयुष्यभर मॅग्नम खांद्यावर घेतलं आणि आता खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या पडद्यासाठी डॉक्टरांनी तंबी दिल्यावर लहान काडतुसाकडं वळले. त्यांतल्या एकांनी आपली .३०० विकून नातीसाठी घेतलेली .२४३ च स्वतः वापरायला सुरुवात केली होती. "गेल्या तीन हंगामांत एकाही हरणामागं अंधारात फिरावं लागलं नाही," ते म्हणाले. पूर्वी फिरावं लागत असे का, असं मी विचारलं. "लागायचं," ते म्हणाले, आणि मग दोन-तीन वेळांचं सविस्तर सांगितलं: दलदल, विजेरी, पानांवरचे सुकत चाललेले थेंब, आणि थेंब जिथं थांबले ती जागा.

आता सगळ्यात ताजा वाद शिशाचा. शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटली की तिचे बारीक कण काढून टाकलेल्या आतड्यांत राहतात. ती रानात पडतात आणि गरुड त्यांवर ताव मारतात. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, अमेरिकेतल्या अडतीस राज्यांतल्या गरुडांच्या अभ्यासात जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत जुनं शिसं साचलेलं आढळलं. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी शिसं बंद केलं आहे. विस्कॉन्सिननं केलेलं नाही. तांब्याची गोळी शिशापेक्षा वजनाला हलकी, म्हणून तेवढ्याच ग्रेनांची गोळी लांब होते आणि घट्ट आटे मागते. पण ती फुटून विखुरत नाही, पाकळ्यांसारखी उलगडते आणि वजन जवळजवळ सगळं राखून आरपार जाते. त्यामुळं हलकी तांब्याची गोळी जड शिशाच्या गोळीचं काम करते: .२४३ मध्ये ऐंशी-पंच्याऐंशी ग्रेन पुरतात, ७ मिमी-०८ मध्ये एकशेवीस. गोळीचं वजन उतरलं की दणकाही उतरतो. तिची एकच अट आहे. ती नीट उलगडायला वेग लागतो, म्हणून फार लांबून झाडायची नाही.

साताऱ्याच्या गृहस्थांनी एकशेवीस ग्रेनची तांब्याचीच घेतली. स्वस्तातल्या शिशाच्या गोळ्यांनी सराव आणि रानात तांब्याची, असा बेत त्यांनी आधी आखला होता. पण त्यांच्या नळीतून तांब्याची गोळी शंभर यार्डांवर तीन इंच डावीकडं बसत होती. त्यांनी दुर्बीण नव्यानं जुळवली, सरावाचे डबे परत केले आणि महाग पडलं तरी एकाच गोळीवर राहायचं ठरवलं. अंतराची हद्द त्यांनी स्वतःला दोनशे यार्डांची घालून घेतली आहे, आणि कुरणात त्या अंतरावर एक खुंटी ठोकून तिला नारिंगी फडकं बांधलं आहे.